गाडीचे ‘मिसिंग’ आणि इंजेक्टरची वायर : निदानाच्या वाटांचा आढावा

चार सिलिंडरच्या इंजिनातला एक सिलिंडर काम करेनासा झाला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. ती थरथरते, चढावर ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. पुढचा क्रम बहुतेक मालकांच्या परिचयाचा आहे. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ करून घेतात. तरी भागले नाही तर नवा इंजेक्टर येतो आणि शेवटी ईसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, संशय जातो. या यादीत वायर सहसा नसते, आणि आली तरी सगळे भाग बदलून झाल्यावर येते. इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एखादी आतून तुटलेली, गंजलेली किंवा घासून उघडी पडलेली असेल, तर तोवरचा खर्च पाण्यात गेलेला असतो.

हा दोष ओळखायचा कसा, आणि ‘वायरच’ असे म्हणायला किती पुरावा पुरेसा मानायचा, याबद्दल काम करणाऱ्यांत एकमत नाही. कोणी स्कॅनरच्या कोडवर विसंबतो, कोणी भागांची अदलाबदल करून पाहतो, कोणी मीटर लावल्याशिवाय बोलत नाही. या तिन्ही वाटा कुठवर नेतात आणि कुठे अडतात, हे इथे पाहायचे आहे. मुख्य विचार हवेच्या मार्गात फवारा मारणाऱ्या साध्या पेट्रोल इंजेक्टरांचा आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पेट्रोल इंजिने आणि डिझेल यांचा विचार पुढे वेगळा केला आहे.

इंधनाच्या वाटेवर वायर कशी आली

कार्ब्युरेटरच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. इंजिन हवा ओढे आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल येई. अमेरिकेत बेंडिक्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या फवाऱ्याचा प्रयोग बाजारात आणला, पण तो टिकला नाही. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीवर आली आणि मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने पाय रोवले. त्या दिवसापासून इंधन किती जाणार हे वायरीतून जाणाऱ्या काही मिलिसेकंदांच्या इशाऱ्यावर ठरू लागले.

आपल्याकडे हा बदल धुराच्या नियमांमुळे आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्ली परिसरातील नव्या मोटारींसाठी युरो मानकांच्या मुदती ठरवून दिल्या आणि त्या सुमारास ‘एमपीएफआय’ (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) ही अक्षरे गाड्यांच्या पाठीवर दिसू लागली. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरासाठी टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला आणि भारत स्टेज मानके त्या वाटेने पुढे गेली. दुचाकींत हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये आली, तर पुण्याच्या बजाजची पल्सर २२० पुढच्या वर्षी. तरीही सर्वसामान्य दुचाकीवर कार्ब्युरेटरच राहिला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, मधला बीएस-५ हा टप्पा वगळून, आणि रोजच्या वापरातल्या स्कूटर-मोटारसायकलीही इंजेक्टरवर आल्या.

याचा अर्थ असा की इंजेक्टरच्या वायरीचा दोष आता फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा विषय उरलेला नाही. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागच्या गॅरेजात जेट साफ करण्यात आयुष्य घालवलेल्या मिस्त्रीसमोरही तो उभा आहे. निदानाच्या पद्धतींवरचा वाद आज इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर मला इथे दिसते.

दोन वायरींचे साधे सर्किट

साध्या इंजेक्टरला दोनच वायरी असतात. एकीतून रिले आणि फ्यूजमार्गे बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो. ही वायर हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, एका जोडावर फुटून सगळ्या इंजेक्टरांना जाते. दुसरी वायर प्रत्येक इंजेक्टरची स्वतंत्र असते आणि ती ईसीएमला जाते. ईसीएम करंट पाठवत नाही, तो त्या वायरीला ठरल्या क्षणी अर्थ देतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडतो. अर्थ मिळाला की कॉइलमधून करंट वाहतो, सुई उचलली जाते आणि पेट्रोल फवारते. अर्थ काढला की सुई बसते.

आजच्या बहुतेक साध्या इंजेक्टरांच्या कॉइलचा रोध १२ ते १६ ओहम असतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास असते, म्हणजे करंट सुमारे एक अँपिअर. निष्क्रिय गतीला इंजेक्टर एका वेळी दोन ते चार मिलिसेकंद उघडतो. करंट अचानक तुटला की कॉइल उलटा झटका देते. तो साठ व्होल्टच्या वर जाऊ शकतो आणि निदानाच्या कामी फार उपयोगी पडतो.

या सर्किटमध्ये दोष चार प्रकारे येतो आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. वायर पूर्ण तुटली तर इंजेक्टर उघडतच नाही, सिलिंडर नुसती हवा ओढतो आणि प्लग कोरडा निघतो. ईसीएमकडची वायर घासून इंजिनाच्या धातूला टेकली तर उलट घडते. चावी चालू आहे तोवर इंजेक्टर उघडाच राहतो, सिलिंडरमध्ये पेट्रोलचा पूर येतो, प्लग भिजतो, काळा धूर निघतो, पेट्रोल भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. अशी गाडी चालवत राहणे किंवा वारंवार स्टार्टर मारणे इंजिनाला महागात पडते. तिसरा प्रकार म्हणजे तीच वायर पॉझिटिव्हला टेकणे. मग इंजेक्टर चालत नाही आणि ईसीएमच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर भार येतो.

चौथा प्रकार सर्वांत अवघड आहे आणि या क्षेत्रातले बहुतेक मतभेद त्याच्याभोवती आहेत. वायर तुटलेली नसते, पण गंजामुळे, ढिल्या पिनमुळे किंवा मोजक्या तारा शिल्लक राहिल्यामुळे तिच्यात जादा रोध आलेला असतो. १४ ओहमच्या इंजेक्टरच्या वाटेत पाच ओहम वाढले, तर करंट एक अँपिअरवरून पाऊण अँपिअरच्याही खाली येतो आणि इंजेक्टरच्या वाट्याला १४ ऐवजी जेमतेम दहा व्होल्ट येतात. सुई उशिरा उचलली जाते. ईसीएमने तीन मिलिसेकंद दिले तरी प्रत्यक्ष फवारा त्याहून कमी वेळ होतो. सिलिंडर मरत नाही, अर्धपोटी राहतो. थंड इंजिनात ठीक, गरम झाल्यावर मिसिंग. रिकाम्या रस्त्यावर ठीक, घाटात मिसिंग, अशी तक्रार मग येते.

वायर खराब होते ती का

इंजिनावरची वायर उष्णता, कंपन आणि तेल अशा तिन्हींना तोंड देत असते. प्लास्टिकचे कपलर वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होतात, त्यांची खिटी तुटते आणि कपलर नुसता टेकलेला राहतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा पिनांवर हिरवट थर आणते. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर जोराचा पाण्याचा फवारा मारण्याची सवयही कपलरांच्या मुळावर येते. दुचाकीत हार्नेस हँडलच्या मानेपाशी रोज शेकडो वेळा वाकतो आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात, वरून आवरण मात्र शाबूत दिसते.

आपल्याकडचे खास कारण सीएनजीचे आहे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी तोडून किंवा त्यांच्यात मध्येच जोडणी करून गॅसच्या ईसीएमकडे वळवलेल्या असतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोलचा फवारा बंद ठेवता येतो. काम नीट केले तर त्यात वावगे काही नाही. पण वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली असेल, तर एकदोन पावसाळ्यांत ते जोड गंजतात. गाडी गॅसवर सुरळीत आणि पेट्रोलवर मिसिंग मारत असेल, तर प्लगकडे जाण्याआधी हे जोड पाहावेत. दोन्ही इंधनांना प्लग आणि कॉम्प्रेशन एकच असते, त्यामुळे ही तुलना आयतीच हाती येते.

उंदरांचा प्रश्न वादाचा आहे. वायरींच्या आवरणात सोयाबीनसारखा वनस्पतिजन्य माल वापरल्याने उंदीर ओढले जातात, असा दावा करत अमेरिकेत काही गाडीमालक कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेले. कंपन्यांचे म्हणणे असे की उंदीर प्लास्टिक, रबर, लाकूड सगळेच कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्याला ते झिजवावेच लागतात. इंजिनाची ऊब आणि आडोसा ही कारणेही आहेतच. होंडाने अमेरिकेत तिखटाचा अंश असलेली वायरीवर गुंडाळायची टेप विकायला ठेवली आहे. आवरणातल्या मालामुळे प्रमाण वाढते का, हा प्रश्न मिटलेला नाही. निदानापुरते इतके पुरे की उंदराने कुरतडलेल्या हार्नेसमध्ये एक वायर सापडली की शोध थांबवू नये, शेजारच्या वायरीही उघडून पाहाव्यात.

पहिली वाट : स्कॅनरचा कोड

स्कॅनर आधी, हे मत आज सर्वांत प्रबळ आहे आणि त्याला आधारही आहे. मोटारीच्या स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की मिनिटभरात दिशा मिळते. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड कोणता सिलिंडर मिसिंग मारतो ते सांगतात, तर पी०३०० म्हणजे एकाहून अधिक सिलिंडर किंवा ठिकाण निश्चित नाही. पी०२०१ ते पी०२०४ हे कोड थेट इंजेक्टरच्या सर्किटकडे बोट दाखवतात. पी०२६१ आणि पी०२६२ ही जोडी पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये अनुक्रमे व्होल्टेज कमी आणि जास्त असल्याचे सांगते.

हे दोन गट वेगळ्या तऱ्हेने जन्मतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. मिसफायरचा कोड क्रँकशाफ्टच्या गतीवरून ठरतो. प्रत्येक ठिणगीनंतर क्रँकला छोटा धक्का मिळायला हवा. तो मिळाला नाही की ईसीएम त्या सिलिंडरच्या नावे नोंद करतो. कारण ठिणगी होती, पेट्रोल होते की वाल्व, हे त्याला कळत नाही. सर्किटचा कोड मात्र ईसीएमच्या पिनवरील व्होल्टेजवरून येतो. इंजेक्टर बंद असताना त्या पिनवर कॉइलमार्गे बॅटरीचे व्होल्टेज दिसायला हवे आणि चालू असताना ते शून्याजवळ यायला हवे. वायर तुटली किंवा टेकली तर हा हिशेब बिघडतो. पाच ओहम वाढले तर तो बहुधा बिघडत नाही, आणि म्हणून चौथ्या प्रकारच्या दोषात पी०३०२ येतो, पी०२०२ येत नाही. ‘सर्किटचा कोड नाही, म्हणजे वायर ठीक’ हा निष्कर्ष तिथेच चुकतो.

आणखी एक गुंता आहे. एका सिलिंडरला पेट्रोल मिळाले नाही की त्याने ओढलेली हवा तशीच सायलेन्सरकडे जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे. ईसीएम मग सगळ्यांचेच पेट्रोल वाढवतो, आणि बाकीचे चांगले सिलिंडर जादा पेट्रोलावर चालू लागतात. अशा गाडीवर पी०१७१, म्हणजे पातळ मिश्रणाचा कोडही येऊ शकतो. काळे पडलेले तीन प्लग आणि पातळ मिश्रणाचा कोड एकत्र पाहून भलभलत्या सेन्सरांवर संशय घेतला जातो, आणि मूळ दोष एका वायरीत असतो.

कोडची बाजू घेणारे यावर म्हणतात, आणि ते योग्यच आहे, की दोष कोडचा नाही, तो अर्धवट वाचण्याचा आहे. कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान, भार अशी माहिती ईसीएम साठवतो. ती पाहिली तर मिसिंग गरम इंजिनावर आले की थंड, हे कळते. ही नोंद पुसून मग काम सुरू करणे ही गॅरेजांतली सर्वांत नुकसानीची सवय आहे.

दुसरी वाट : अदलाबदल

दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर तिसऱ्यावर आणि तिसऱ्याचा दुसऱ्यावर बसवायचा. मिसिंग इंजेक्टरबरोबर गेले तर इंजेक्टर दोषी, जागेवरच राहिले तर वायर, ईसीएम किंवा त्या सिलिंडरची यांत्रिक बाजू. या पद्धतीला महागडे उपकरण लागत नाही, तर्क सरळ आहे, आणि अनेक जाणते मेकॅनिक तिच्यावरच विसंबतात.

तिच्यावरचे आक्षेपही तितकेच जुने आहेत. कपलर काढून पुन्हा लावताना पिनांवरचा गंज खरवडला जातो आणि दोष तात्पुरता नाहीसा होतो. गाडी बरी झाली असे वाटते, श्रेय अदलाबदलीला जाते आणि महिनाभरात गाडी परत येते. जुन्या ओ-रिंगा पुन्हा बसवल्या तर पेट्रोल गळून आगीचा धोका उभा राहतो. एका सिलिंडरच्या बीएस-६ दुचाकींच्या बाबतीत तर ही वाट मुळातच बंद आहे. एक सिलिंडर, एक इंजेक्टर, तुलना कशाशी करणार? तिथे ‘दुसऱ्या गाडीचा इंजेक्टर लावून बघू’ एवढेच उरते.

अदलाबदल हा पुरावा आहे, पण तो नकारार्थी पुरावा आहे. मिसिंग जागेवरच राहिले तर इंजेक्टर निर्दोष आहे इतके ती सांगते. वायर दोषी आहे, आणि कुठे दोषी आहे, हे मोजूनच कळते.

तिसरी वाट : मोजमाप

मोजायचे असे म्हणणाऱ्यांतही गट आहेत. सर्वांत साधे मोजमाप ओहममध्ये. इंजेक्टरचा रोध मोजला, शेजाऱ्याशी ताडून पाहिला, मग वायरीचे एक टोक ते दुसरे टोक मोजले. कॉइल तुटली आहे का, वायर पूर्ण तुटली आहे का, याला हे पुरेसे आहे. पण वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरही ओहममीटरवर जवळजवळ शून्य दाखवते. मीटर स्वतः अगदी थोडा करंट सोडतो आणि तेवढा त्या एका तारेतून सहज जातो. कामाचा करंट जाऊ लागला की खरी परीक्षा होते.

कपलर काढून पॉझिटिव्ह पिनवर व्होल्ट मोजण्यातही हीच अडचण आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. म्हणून गंजलेल्या जोडापलीकडेही तो खुशाल १२.४ व्होल्ट दाखवतो. ‘सप्लाय येतोय’ हे वाक्य अशा मापावर आधारलेले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही.

नॉइड लाइट हा छोटा दिवा इंजेक्टरच्या जागी कपलरमध्ये बसवतात. इंजिन फिरवले की तो लुकलुकतो आणि ईसीएमचा इशारा येतो हे दिसते. स्वस्त, झटपट, आणि ‘इशारा आहे की नाही’ या प्रश्नाला योग्य. मात्र त्यातला एलईडी काही मिलिअँपिअरवर पेटतो, तर इंजेक्टरला एक अँपिअर लागतो. जादा रोध असलेल्या वायरीवरही दिवा छान लुकलुकतो. नॉइड लाइट न लागणे ही पक्की खूण आहे. लागणे ही पक्की खूण नाही.

भाराखाली मोजण्याचा आग्रह इथून येतो. तत्त्व असे की सर्किट काम करत असताना त्याच्या प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट वाया जातात ते पाहायचे. चांगल्या वायरीवर आणि जोडावर ते दोनदशांश व्होल्टच्या आत असतात. पण इंजेक्टर अखंड चालत नाही. मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या निष्क्रिय गतीला दोन फेऱ्यांना १६० मिलिसेकंद लागतात आणि त्यात इंजेक्टर जेमतेम तीन मिलिसेकंद चालू असतो. साधा मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ही तूट त्यावर दिसतच नाही. ‘व्होल्टेज ड्रॉप टेस्ट करा’ असे सांगणारे पुष्कळ जण ही अडचण सांगत नाहीत आणि शिकणारा गोंधळतो.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, स्वस्त मार्ग म्हणजे इंजेक्टरच्या जागी अखंड भार लावणे. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे इंजेक्टरइतकाच. कपलर काढून पॉझिटिव्ह पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात बल्ब लावायचा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून त्या पिनपर्यंतची तूट मोजायची. ईसीएमकडच्या वायरीची अशी परीक्षा करताना ईसीएमचा कपलर आधी काढून ठेवायचा आणि भार फक्त वायरीवर द्यायचा, ईसीएमच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर नव्हे. बल्ब मंद जळला की दोष डोळ्यांनी दिसतो. गावच्या गॅरेजला परवडणारी आणि चौथ्या प्रकारचा दोष पकडणारी याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

दुसरा मार्ग ऑसिलोस्कोपचा. त्यावर इंजेक्टरचे व्होल्टेज आणि क्लॅम्प लावून करंट दोन्ही रेषा दिसतात. चांगल्या सर्किटमध्ये अर्थ मिळताच रेषा शून्याजवळ उतरते, सुटताना उंच झटका येतो. करंटची रेषा तिरकी चढते आणि सुई उचलली जाते त्या क्षणी तिच्यात छोटा खळगा दिसतो. पॉझिटिव्ह बाजूला रोध असेल तर चालू काळात सप्लायची रेषाच खाली बसते. अर्थाच्या बाजूला असेल तर रेषा शून्यापर्यंत उतरत नाही. झटकाच नसेल तर करंट वाहिलाच नाही. चार सिलिंडरांच्या रेषा एकाखाली एक ठेवल्या की वेगळी रेषा लगेच नजरेत भरते. कपलर न काढता, इंजिन चालू असताना हे होते, त्यामुळे दोष हात लागून पळून जात नाही.

स्कोपवर आक्षेप दोन. किंमत, आणि वाचायला लागणारा सराव. किमतीचा मुद्दा हळूहळू मागे पडतो आहे, कारण साधे दोन चॅनेलचे स्कोप आता बरेच स्वस्त मिळतात. सरावाचा मुद्दा तसाच आहे. चांगल्या रेषा शेकड्याने पाहिल्याशिवाय वाईट रेषा ओळखता येत नाही.

मोजताना वायरीला इजा होऊ न देणे हाही या वाटेचा भाग आहे. टोकदार प्रोब आवरणात खुपसला की तिथून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा दोष जन्मतो. जाड प्रोब पिनमध्ये कोंबला की पिन फाकते. कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने बारीक सुई सरकवणे हाच मार्ग बहुतेक प्रशिक्षक सांगतात.

थेट फवारा आणि डिझेल : जुने नियम इथे लागू नाहीत

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत इंजेक्टरच्या दोन्ही वायरी ईसीएमकडेच जातात. ईसीएम आधी साठ-पासष्ट व्होल्टचा जोर देऊन करंट दहा अँपिअरच्या आसपास नेतो आणि मग कमी करंटावर सुई धरून ठेवतो. कॉमन रेल डिझेलमध्येही असेच उच्च व्होल्टेज असते आणि पिझो इंजेक्टरांत ते शंभराच्या वर जाते. इथे नॉइड लाइट किंवा टेस्ट लॅम्प लावणे ईसीएमला आणि माणसालाही धोक्याचे आहे. कॉइलचा रोध एकदोन ओहम किंवा त्याहून कमी, त्यामुळे साधा मीटर भरवशाचा नाही. अनेक डिझेल इंजेक्टरांवर त्या नगाचा स्वतंत्र संकेतांक असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो, म्हणून अदलाबदलही सोपी नाही. शिवाय रेलमधला दाब शेकडो बारचा; तो उतरवल्याशिवाय नट सैल करणे जिवावर बेतू शकते. या इंजिनांसाठी क्लॅम्प आणि स्कोप हीच वाट जवळजवळ सर्वमान्य आहे.

सापडल्यावर जोडायचे कसे

दोष सापडल्यानंतरही मतभेद आहेत. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडलेली वायर विजेच्या दृष्टीने उत्तम, असे जुने वायरमन सांगतात. विरोधी मत असे की सोल्डर तारांत झिरपतो, वायर तिथे ताठ होते आणि कंपनाने त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. दुसरा पक्ष क्रिंप करून वर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवण्याच्या बाजूचा आहे. त्याला उत्तर असे मिळते की चांगले क्रिंप योग्य हत्याराने आणि योग्य मापाच्या स्लीव्हनेच होते, पक्कडीने दाबलेले क्रिंप सोल्डरपेक्षाही वाईट. तिसरा पक्ष पूर्ण हार्नेस बदलायला सांगतो. खर्च मोठा, पण उंदराने अनेक ठिकाणी कुरतडले असेल तर तोच शहाणपणाचा. इंजिनावरच्या वायरीसाठी क्रिंप आणि आकसणारी नळी हा पर्याय मला अधिक पटतो. नुसती टेप गुंडाळणे कोणत्याच पक्षाला मान्य नाही, आणि आपल्याकडे तेच सर्वाधिक दिसते.

न सुटलेले प्रश्न

अधूनमधून येणारा दोष हा सर्वांत मोठा. गॅरेजात गाडी ठीक आणि खंबाटकी घाटात मिसिंग. इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवून पाहणे, हेअर ड्रायरने कपलर तापवणे, पाणी शिंपडणे, क्लॅम्प लावून गाडी रस्त्यावर नेणे, असे उपाय आहेत. खात्रीचा एकही नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा. वायरीचा रंग, पिनचा क्रमांक, जोड हार्नेसमध्ये कुठे आहे, हे सर्किटच्या नकाशाशिवाय कळत नाही आणि तो नकाशा बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा गाभ्याचा मुद्दा होता. त्यावर अपिले झाली. कंपन्यांची बाजू सुरक्षिततेची आहे: अर्धवट शिकलेल्या हाती ही माहिती गेली तर गाडी आणि माणूस दोन्ही धोक्यात. स्वतंत्र मेकॅनिकांची बाजू अशी की माहिती नाही म्हणूनच अंदाजाने वायरी तोडल्या जातात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला घेतली, तिच्यात वाहनांचाही समावेश आहे. प्रत्यक्ष नकाशा मिस्त्रीच्या मोबाइलवर येईपर्यंत हा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. नवा इंजेक्टर बसवला तर बिलावर भागाची किंमत लिहिता येते. दोन तास खपून एक गंजलेली पिन शोधली तर बिलावर काय लिहायचे? शोधण्याच्या कामाचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो, म्हणून भाग बदलणे गॅरेजला परवडते आणि मोजणे परवडत नाही. पद्धतींवरच्या वादाचा निम्मा भाग या हिशेबात दडला आहे, असे माझे मत आहे.

म्हणून गाडीमालकांना दोन विनंत्या. इंजेक्टर किंवा ईसीएम बदलायला होकार देण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: कोड आणि त्याबरोबर साठवलेली नोंद, शेजारच्या इंजेक्टरशी ताडलेला रोध, आणि भार देऊन मोजलेली वायरीवरची व्होल्टेजची तूट. त्या मोजणीची मजुरी वेगळी विचारा आणि ती द्या. आणि चेक इंजिनचा दिवा अखंड न जळता लुकलुकत असेल तर मिसिंग इतके वाढलेले असते की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते; अशा वेळी वेग कमी करा, जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्या, आणि तशीच घरापर्यंत रेटू नका.